गाडी पाण्यापाशी येते

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात, पण या गोष्टीत "हे" आणि "ते" करत बसली तर कोण कुठं होतं हेच कोणाले समजणार नाही. म्हणून सरळ घेते. रुपराव. आमची संत्र्याची बाग नागपूरच्या बाहेर, सावनेर रोडले लागून. बागेतच घर, घरात आम्ही तिघं: रुपराव, त्यायची माय आणि मी. सासूचं नाव कौसल्या, मी त्यायले आत्याबाई म्हणायची. माझं माहेर नागपुरातल्या धरमपेठेतलं, पांढरपेशा वस्तीतलं. आत्याबाई रागावल्या की मले "धरमपेठवाली" म्हणायच्या, आणि रागावल्याशिवाय त्यायचा दिवस मावळत नव्हता. मीही काही ऐकून घेणारी नव्हती. एका गोष्टीत मात्र आमचं दोघींचं पटे. रुपरावले बागेतून यायले उशीर झाला की आम्ही दोघी दारात येऊन उभ्या राहायचो, त्या एका बाजूले, मी दुसऱ्या.

ऐंशी सालचा फेब्रुवारी होता. सूर्यग्रहण येणार म्हणून रेडिओवर, पेपरात, पानठेल्यावर तेच एक चाललं होतं. बाहेर निघू नका, वर पाहू नका, डोळे जातील. त्या दुपारी सावनेर रोडवर कुत्रं नव्हतं. एरवी कोळशाचे ट्रक धडधडत राहतात, तेही कुठं जाऊन उभे राहिले होते देव जाणे. आत्याबाईनं सकाळपासून वेध धरले. शिजलेलं अन्न गाईले घातलं, खिडक्यायले गोधड्या लावल्या आणि देवापाशी माळ घेऊन बसल्या.

"गिराण सुटेस्तोवर कोणी उंबरा ओलांडाचा नाही," त्यायनं फर्मान काढलं.

"माय, बागेत माकडं शिरली तर? त्यायले गिराण समजते का वं?" रुपराव हसले, गोफण उचलली आणि गेले.

थोड्या वेळानं त्यायची हाक आली. "प्रेमिला! इकडे ये. जल्दी ये."

आवाज त्यायचाच होता, पण त्यातलं हसणं गेलं होतं. मी उंबरा ओलांडला. मागून आत्याबाई काय ओरडल्या ते ऐकलंच नाही.

बाहेर ऊन होतं आणि नव्हतंही. वर सूर्याची चतकोर भाकरी उरली असंल. पाखरं गप्प, माझे कान दडपलेले, आणि गारठा असा की दात वाजून राहिले. विहिरीपलीकडे तोडलेल्या संत्र्याचे ढीग लावायची आमची मोकळी जागा आहे. तिथं ती उभी होती. कणगी म्हणा. धान्याची असते तशीच गोल, वर निमुळती, पण माणसाहून कितीतरी उंच, आणि कशाची बनवली ते समजत नव्हतं. तिच्या अंगावर पांढरं बरफ जमलं होतं. आणि खालचं गवत! गवत उभंच होतं. एवढं मोठं धूड गवताच्या वर, जमिनीले न टेकता राहून गेलं होतं.

तिच्या दारात एक बाई होती. माझ्याच वयाची, केस कापलेले, अंगात राखाडी कपडा.

"घाबरू नका," ती म्हणाली, आणि स्वतःच दाराले धरून उभी राहिली.

"कोण वं तू?" मी ओरडली. भ्याली की मी ओरडते, माझी आदतच तशी.

"शामला. नागपूरचीच आहे."

"कोणत्या मोहल्ल्यातली?"

"त्याचं नाव अजून पडलं नाही, ताई."

दुसरी कोणी असती तर तिनं या बाईले पागल म्हटलं असतं. मी म्हटलं नाही, कारण ते गवत मले दिसून राहिलं होतं.

"तिची गाडी अडली," रुपराव म्हणाले. "ऐकून तर घे."

तिनं जे सांगितलं ते तिच्या शब्दात मले येत नाही, समजलं तसं सांगते. ती गाडी मागच्या वर्षात जाते, पुढच्याही. पण नुसतं मागं जाऊन भागत नाही. धरती का एका जागी थांबते? ती सूर्याभोवती फिरून राहिली, आणि सूर्यही आपला कुठंतरी चालला. कालचं आपलं अंगण आज आभाळात दूर राहून गेलं. नुसता काळ मागं फिरवला तर माणूस कालच्या दिवशी पोचते खरं, पण पायाखाली धरती नसते, रितं आभाळ असते. म्हणून काळात जाणारी गाडी आभाळातही चालणारी असावी लागते. आत दोन मुठी असतात, एक काळाची आणि एक आभाळाची. दोघांनी मिळून एका दमात फिरवायच्या, दोन बाया जात्याचा खुंटा धरतात तशा. एकीचा हात मागं राहिला की दोघी फसल्या. आणि ग्रहण म्हणजे त्यायचा मैलाचा दगड. सूर्य, चंद्र, धरती एका ओळीत आले की त्या दिवशी धरती नेमकी कुठं होती ते हिशोबानं सापडते, म्हणून त्यायची गाडी ग्रहणातच उतरते.

"माझ्या जोडीदाराचा हात निसटला," शामला म्हणाली. "दार उघडल्या गेलं. मी इथं पोचली. तो वाटेतच राहून गेला."

"वाटेत म्हणजे कुठं?"

तिनं वर बोट केलं. "मागच्या दिवाळीत ही धरती जिथं होती तिथं. त्याच्या अंगात श्वासाचा कपडा आहे. पण तो श्वास संपत आला असंल."

मी वर पाहिलं नाही. पाहायची हिंमतच झाली नाही. चीड मात्र आली. "मंग घाई कायची?" मी म्हटलं. "काळ तर तुमच्या मुठीत आहे. आरामात जा आणि तो पडायच्या आधीच्या दिवशी पोच."

"काळ मुठीत आहे, ताई. श्वास नाही. या गाडीत जो एकदा बसला त्याचा आणि गाडीचा वेळ एकाच दाव्याले बांधला जाते. इथं मी जेवढी थांबली तेवढा तिथं त्याचा श्वास गेला. आणि एकटीच्यानं दोन मुठी फिरत नाहीत."

हे ऐकलं आणि रुपरावनं गोफण खाली ठेवली. मले तेव्हाच समजलं. रोडवर कोणाचा ट्रक फसला की जेवत्या ताटावरून उठणारा माणूस तो. मी त्यायचा हात धरला. जाऊ नका म्हटलं, माझी शपथ आहे म्हटलं. रडली, भांडली. "आ बैल मले मार करून राहिले तुम्ही!" म्हटलं.

"अडली गाडी ढकलाले कोणी नाही म्हणते का, प्रेमिला? तिथं एक माणूस लटकून राहिला."

"आणि तुम्हीच लटकले तर?"

त्याचं उत्तर शामलानं दिलं. "त्यासाठी पाणी आहे."

ग्रहणाच्या हिशोबानं दिवस सापडते, पण नेमकी जागा सापडत नाही. जागेसाठी पाणी लागते. एकाच बादलीतलं पाणी दोन जागी केलं की त्या गाडीत काहीतरी असं आहे की अर्धं पाणी अर्ध्या पाण्याले ओढते. तिनं आमच्या विहिरीतून बादली काढली. अर्धं पाणी गाडीतल्या काचेच्या भांड्यात ओतलं. बाकीच्यासाठी मी घरातून तांब्याची कळशी आणली.

"यात काही पडू देऊ नका," ती म्हणाली. "यातलं काही सांडू देऊ नका. झाकू नका, उघड्या जागी ठेवा आणि दूर राहा. जिथं हे पाणी, तिथंच आम्ही येऊ. गाडी फक्त पाणी पाहते, बाकी काही पाहत नाही."

"कधी याल?"

"सूर्य सुटल्यावर. पाणी असलं की ग्रहण नसलं तरी चालते. फार वेळ नाही लागणार."

रुपराव आत बसले. बसता बसता म्हणाले, "मायले सांगशील. पण भेव नको लावू तिले." दार लागलं. आवाज नाही, धूर नाही. गाडी होती आणि मंग नव्हती. तिच्या रिकाम्या जागेत हवा अशी धावली की मोठी टाळी वाजली, आणि आजूबाजूच्या संत्र्यायची पानं तिकडे ओढल्या गेली. गवत तसंच उभं होतं. मी, आणि पुढ्यात कळशी.

मी भ्याली हो. खोटं काहून सांगू? माझा माणूस आता कुठं आहे, त्याच्या पायाखाली काही आहे का? दूर बसली आणि कळशीवर नजर ठेवली. वारा आला की वाटे, पान पडंल. चिमणी उतरली की मी ढेकूळ मारायची आणि मंग वाटायचं, ते ढेकूळच कळशीत गेलं असतं तर! झाकायची तर मनाई. एवढंसं पाणी, आणि त्यावर माझा सगळा संसार टांगलेला.

खिडकीची गोधडी हलली. आत्याबाईनं फटीतून सगळं पाहिलं होतं. तोंडावर पदर धरून त्या विचारून राहिल्या होत्या, "माहा रुप्या कुठं गेला वं?"

मी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. तुमचा रुप्या या पाण्याच्या भरवशावर वापस येणार आहे, हेही सांगितलं.

त्यायनं गोधडी आणखी सरकवली. मंग म्हणाल्या, "कोणतं पाणी?"

"विहिरीचं."

"आत्ता काढलं?"

"हो."

"गिराणात?"

"हो म्हटलं ना आत्याबाई, आत्ताच काढलं!"

गोधडी पडली. आतून जपाचा आवाज येऊन राहिला, आधीपेक्षा मोठ्यानं.

हळूहळू उजेड भरला. कावळा ओरडला. रोडवरून कोणी "दे दान, सुटे गिराण" करत गेलं आणि मंग पहिला ट्रक गेला. आत्याबाई बाहेर आल्या, न्हालेल्या, ओल्या केसायच्या. आल्या आल्या मले म्हणाल्या, "जा, न्हाणीत डोक्यावरून पाणी घे."

"मी नाही हलत."

"गिराणाच्या अंगानं नवऱ्याच्या सामोरी जाशील? तो कोठून येऊन राहिला, कशातून येऊन राहिला, आणि तू अशी पारोशी! मी बसतो ना इथं. माह्या पोराचं पाणी मी नाही राखणार तं कोण राखंल?"

ते ऐकून मले भरून आलं. एवढ्या वर्षात पहिल्यांदा वाटलं की या बाईच्या खांद्यावर डोकं ठेवावं. बादलीभर पाणी अंगावर ओतायले कितीसा वेळ लागते? मी गेली.

वापस आली तर कळशी उलटी होती. घासून, धुऊन, कुंपणाच्या खुंट्यावर उपडी घातलेली. घरातले माठ, बादल्या, तांबेही तसेच ओळीनं उपडे. आत्याबाई पदर खोचून ओले हात पुसून राहिल्या होत्या.

"पाणी कुठं आहे?" मी विचारलं.

"फेकून देल्लं."

मी किंचाळली. काय किंचाळली ते आठवत नाही.

"ओरडू नको वं! गिराण लागलेलं पाणी कोणी ठेवते का? ठेवत असतीन तुह्या धरमपेठेत. ज्या पाण्याच्या भरवशावर माह्या पोराले यायचं हाय ते बाटलेलं कसं चालंल? त्याले बाधलं असतं ना. आता विहिरीतून नवं आणतो, सुटलेलं, चांगलं. विहीर तं तीच हाय ना?"

"कुठं फेकलं?"

"वाया नाही घातलं." त्यायनं विहिरीजवळच्या संत्र्याकडे हात केला. "त्या झाडाच्या आळ्यात ओतलं."

आमची जमीन काळी. फेब्रुवारीत तिले अशा भेगा पडतात की मनगटापर्यंत हात जाते. आळ्यात नुसता ओला डाग उरला होता. पाणी खाली गेलं होतं. जिथं हे पाणी, तिथंच आम्ही येऊ, असं ती म्हणाली होती. गाडी बाकी काही पाहत नाही.

"आत्याबाई," मी म्हटलं, "ते येतील. पाण्यापाशी येतील. मातीच्या आत येतील."

त्यायले आधी समजलं नाही. मंग समजलं. खुरपं घेऊन त्या सरळ आळ्यात बसल्या. मी दोन्ही हातायनं माती काढू लागली. वरची माती ओली लागली, तिच्या खाली आणखी ओली. पण मातीतून पाणी वापस कसं काढायचं? मूठ दाबली तर चिखलच येऊन राहिला.

"सोड ते पातळ!" आत्याबाई ओरडल्या.

"काय?"

"पातळ सोड वं! त्यात पिळू!"

डोक्यावरचा पदर जरा घसरला तर शिव्या घालणारी ही बाई. मी भर दुपारी, उघड्या बागेत पातळ सोडलं आणि परकर-पोलक्यावर उभी राहिली. आम्ही ओली माती त्यात भरायचो, दोन टोकं दोघी धरायचो आणि पिळायचो. आत्याबाईचे हात गाई पिळून पिळून कडक झालेले. त्या पिळायच्या तेव्हा थेंब निघायचा. काळा, गढूळ थेंब. कळशी खाली धरलेली. "रामा रे, रामा रे," त्यायचं चालू होतं. मी मनात एकच म्हणत होती, आत्ताच येऊ नका, जरा थांबा, आत्ताच येऊ नका. माणूस परत येऊ नये म्हणून मी देवाले विनवून राहिली होती.

कळशीचा तळ झाकला असंल नसंल, तेवढ्यात माझे कान दडपले.

पाखरं गप्प झाली. हातावर काटा आला, गारठ्याचा.

"आले!" मी म्हटलं. कळशी उचलून धावली, मोकळ्या जागेत ठेवली आणि उलट्या पावली पळाली. आत्याबाईले आळ्यातून ओढून बाहेर काढलं. आम्ही दोघी एकमेकीच्या गळ्यात पडून डोळे मिटून उभ्या राहिलो. टाळी वाजली. दोनदा वाजली. दुसरी दबल्यासारखी होती, ती घराच्या भिंतीवरून आली असंल असं मले वाटलं.

डोळे उघडले तर गाडी समोर होती. मोकळ्या जागेत, गवताच्या वर, पांढऱ्या बरफानं झाकलेली.

दार उघडलं. रुपराव बाहेर आले. मिशीवर दहिवर जमलेलं, खांद्यावर एक माणूस, आणि तो माणूस कण्हत होता. कण्हत होता म्हणजे जिवंत होता.

"माय," रुपराव म्हणाले, "आणलं वं त्याले. सापडला." 

मी हसली, रडली, त्यायच्या छातीवर बुक्क्या मारल्या. आत्याबाईनं चिखलाच्या हातायनं त्यायचं तोंड चाचपलं आणि स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. बाप्पा, काय वाटलं म्हणून सांगू! सगळं भेव एका क्षणात उतरलं.

शामला गाडीखालची कळशी काढून तिच्यात पाहून राहिली होती.

"हे गढूळ काहून आहे?" तिनं विचारलं. "आणि एवढंसंच? बाकीचं कुठं आहे?"

मी सांगितलं. ग्रहणाचं पाणी म्हणून फेकलं, आळ्यात फेकलं, जेवढं निघालं तेवढं पिळून आणलं.

"म्हणजे बाकीचं अजून मातीत आहे," ती म्हणाली. आणि वळून तिनं झाडाकडे पाहिलं.

आम्हीही पाहिलं. संत्र्याचं झाड कलंडलं होतं. आळ्यातली माती फुगून वर आली होती आणि तिच्यात नव्या भेगा पडल्या होत्या. पिकली संत्री एक एक करून खाली पडून राहिली होती. आणि त्या पडण्याच्या आवाजात दुसरा एक आवाज होता. खालून कोणीतरी ठोकून राहिलं होतं.

मंग हाक आली. मातीतून, खोलवरून.

"माय! दार उघडून नाही राहिलं वं! माय!"

आवाज रुपरावचा होता. आणि रुपराव माझ्या बाजूले उभे होते, त्यायचं तोंड बंद होतं.

"पाणी दोन जागी होतं," शामला पुटपुटली. तिचे ओठ पांढरे पडले होते. "गाडी दोन्हीकडे आली."

"खाली कोण आहे?" मी विचारलं.

"आम्हीच, ताई. तिघंही. आणि आतला श्वास फार वेळ पुरणार नाही."

मी रुपरावचा हात धरला होता. तो हात ऊन होता, ओळखीचा होता, आणि मले त्याचं भेव वाटलं. मी तो सोडला. ते आळ्याकडे पाहत जागच्या जागी थिजून गेले होते. आमच्यातलं कोणी हललं नाही.

आत्याबाई हलल्या. कोणता खरा, कोणता खोटा, हा विचार त्या बाईच्या मनाले शिवलाच नाही. त्या आळ्यात जाऊन गुडघ्यावर बसल्या होत्या, खुरपंही न घेता, नखायनं माती ओरबाडत होत्या. "आली रे बाळा, आली, दम धर," त्या मातीले सांगून राहिल्या होत्या. मंग मान वर करून त्या रुपराववर खेकसल्या.

"उभा काय राहिला गा रुप्या? कुदळ आण! तू आत हायेस!"